दुरंगी विणीत धागा सैल नको, पुरेसा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन रंगांच्या लोकरी विणीचे नमुने पुरवण्यांतून अधूनमधून छापून येतात. आलेख स्वच्छ असतात, रंगांच्या खुणाही नीट दिलेल्या असतात. ताणाबद्दल मात्र बहुतेक वेळा एकच ओळ असते: मागचा धागा सैल सोडावा. ही सूचना चुकीची नाही, पण अर्धी आहे, आणि अर्धी असल्यामुळेच घात करते. ती वाचून कुणी इतका धागा सोडतो की उलट बाजूला फासे लोंबतात आणि रंग बदलतो तिथला टाका फुगून बसतो. कुणी दोन-चार ओळी जपून सैल विणतो, मग सवयीने हात आवळतो आणि कापड चुण्या पडून गोळा होते. दोघेही आपल्या हाताला दोष देतात. वास्तविक हाताचा वाटा त्यात थोडाच असतो.

या विणीत एका ओळीत दोन रंग चालतात. जो रंग त्या क्षणी विणला जात नाही तो कापडाच्या पाठीमागून आडवा पुढे सरकतो. या आडव्या तुकड्याला फ्लोट म्हणतात. टाका हा वळसा असतो, ओढला की उघडतो आणि सोडला की मिटतो. फ्लोट सरळ असतो, त्याला उघडायला काही नसते. त्यामुळे कापड रुंदीत किती पसरेल याची मर्यादा फ्लोट घालून देतो. आता या फ्लोटची लांबी केव्हा ठरते ते पाहा: नव्या रंगाचा पहिला टाका विणताना, एकदाच. त्या वेळी उजव्या सुईवरचे टाके जितके पसरलेले असतील तितकाच धागा मागे पडतो. टाके सुईच्या टोकाशी दाटून बसलेले असतील, तर बोटात धागा कितीही हळुवार धरा, तो त्या दाटीच्या मापाचाच पडणार. म्हणून उपाय करायचा तो उजव्या सुईवर.

रंग बदलण्याआधी क्षणभर थांबावे. उजव्या सुईवरचे शेवटचे आठ-दहा टाके अंगठा आणि तर्जनीने मागे सारून तयार कापडात जेवढे रुंद बसायला हवेत तेवढे पसरवावेत. नवा धागा त्यांच्या पाठीला अलगद टेकेल असा आडवा न्यावा आणि पहिला टाका विणावा. विणून झाल्यावर धागा ओढू नये. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होते. पहिला टाका थोडा ढिला दिसतो, डोळ्याला खटकतो, आणि हात नकळत धाग्याला हिसका देतो. टाका आवळला जातो खरा, पण त्याच हिसक्याने मागचा फ्लोटही आखडतो आणि आताच केलेली मेहनत पाण्यात जाते. पुढचा टाका विणला की पहिला बराचसा आपोआप बसतो, उरलेले काम धुलाई करते.

पसरवणे आणि ताणणे यांत फरक आहे. समजा १० सेंमीमध्ये २८ टाके बसतात. म्हणजे एक टाका साधारण ३.६ मिमी रुंद. पाच टाक्यांमागून जाणारा फ्लोट त्या हिशेबाने १८ मिमीचा हवा. टाके रबरासारखे खेचून धरले तर तो २२-२३ मिमी पडेल आणि सुई काढताच मागे कमान करून उभा राहील. दाटीत विणला तर १६ मिमी पडेल. दोन मिमीने काय बिघडते, असे वाटते. आठ टाक्यांची नक्षी आणि २०० टाक्यांची फेरी घ्या: एका फेरीत नक्षी २५ वेळा येते, दर वेळी २ मिमी तूट, एकूण ५ सेंमी. घेर ७१ सेंमीचा अपेक्षित असताना ही तूट लहान नाही. प्रत्यक्षात घेर अगदी तेवढा घटत नाही, कारण शेजारचे टाके आपला थोडा धागा फ्लोटला उसना देतात. पण दिलेल्या टाक्यांचा जीव जातो. ते आकसतात, आत ओढले जातात, आणि पुढून पाहणाऱ्याला नक्षी कुठे ठळक, कुठे बुजलेली दिसते. ‘ताण एकसारखा नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा या उसनवारीतून आलेली असते.

सुईचाही यात हात आहे. टोकाकडचा भाग निमुळता असतो. तिथेच टाका पुरा करून पुढे जाणाऱ्यांचे टाके सुईच्या खऱ्या जाडीपेक्षा बारीक होतात. प्रत्येक टाका पूर्ण जाडीच्या भागापर्यंत सरकवल्याशिवाय पुढचा घेऊ नये. गुळगुळीत धातूच्या सुईवर पसरवलेले टाके घसरून पुन्हा एकत्र येतात. बांबूची किंवा लाकडी सुई त्यांना जागच्या जागी धरते, म्हणून शिकताना तीच बरी. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरच्या विणकर बायका कमरेला घोड्याचे केस भरलेला, भोके पाडलेला चामडी पट्टा बांधत आणि लांब पोलादी सुईचे एक टोक त्यात रोवत. सुई स्थिर राहिली की उजवा हात तिचे वजन पेलण्यातून सुटतो आणि बोटे फक्त धागा व टाके सांभाळतात. असा पट्टा आपण बांधावा असे नाही, पण सुईचा भार मांडीवर किंवा टेबलावर टेकवला तरी मनगट मोकळे होते आणि टाके पसरवायला बोटे उरतात.

दोन्ही धागे कसे धरावेत यावर हमरीतुमरीने वाद होतात. एक धागा उजव्या आणि एक डाव्या हातात, दोन्ही डाव्या तर्जनीवर, दोन्ही उजव्या हातात, किंवा बोटात घालायच्या मार्गदर्शक कडीतून: चारही प्रकारांनी उत्तम कापड निघते. एका कामात पद्धत बदलू नये, एवढेच पथ्य. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता धागा वरून जातो आणि कोणता खालून. खालून येणाऱ्या धाग्याला टाक्यापर्यंत पोचायला किंचित लांबची वाट पडते, त्याच्या टाक्याला थोडा जास्त धागा मिळतो, आणि तो रंग पुढून मोठा, उठून दिसतो. वरून जाणाऱ्याचे टाके किंचित लहान पडतात. म्हणून नक्षीचा रंग खालून आणि पायाचा रंग वरून, हा सर्वसाधारण नियम; दोन हातांनी विणणाऱ्यांनी नक्षीचा रंग डाव्या हातात घेतला की तो सहसा आपोआप पाळला जातो. खात्री करायची तर कापड उलटावे: ज्या रंगाचे फ्लोट प्रत्येक ओळीत खालच्या अंगाला दिसतात तो रंग खालचा. काम मध्येच ठेवून दुसऱ्या दिवशी धागे अदलाबदल होऊन हातात आले, तर त्या फेरीपासून नक्षीचा पोत बदलतो. हा पट्टा कितीही धुतला तरी जात नाही, आणि बघणारा त्यालाही ताणाचाच दोष म्हणतो. काम थांबवताना खालच्या रंगाच्या गुंड्याला गाठ मारलेला दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा, पुढचा घोटाळा टळतो. एक गुंडा डावीकडे, एक उजवीकडे ठेवला आणि वरचा-खालचा क्रम मोडला नाही तर धागे एकमेकांत पीळही खात नाहीत.

एकट्या टाक्याचे ठिपके असलेली नक्षी, नॉर्वेच्या जुन्या स्वेटरांवर असते तशी, इथे सगळ्यात आधी सत्य बोलते. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना त्याच धाग्याचे फ्लोट असतात आणि दोन्हीकडून तो ओढला जातो. ठिपके आत बुडालेले दिसत असतील तर आधी वर-खालचा क्रम तपासावा, मग फ्लोट. ठिपक्यालाच जास्त धागा देऊन तो मोठा करण्याचा प्रयत्न केला की प्रत्येक ठिपका वेगळ्या आकाराचा होतो.

बाही, मोजे, हातमोजे, कानटोपी असे अरुंद घेर विणताना चांगले सरावलेले लोकही फसतात. गोल विणताना फ्लोट नळीच्या आतून जातात आणि वळणावर जवळची वाट धरतात. यावर जुना उपाय आहे: काम आतून बाहेर उलटवून विणायचे. सुलट बाजू नळीच्या आत, फ्लोट बाहेरच्या अंगाला. विणणारा मात्र पलीकडच्या काठावर सुलट टाकेच विणत राहतो, उलट टाके घालावे लागत नाहीत. याने किती फरक पडतो याचा हिशेब सोपा आहे. कापडाची जाडी २ मिमी धरली तर बाहेरचा घेर आतल्या घेरापेक्षा सुमारे १२.५ मिमीने मोठा असतो, मग नळी केवढीही असो. २० सेंमीच्या मनगटावर ही सहा टक्क्यांची सवलत झाली. ९० सेंमीच्या छातीवर जेमतेम दीड टक्का. म्हणून अंगाचा भाग नेहमीसारखा विणून बाह्या तेवढ्या उलटवून विणणे शहाणपणाचे. दोन्हीकडे टोक असलेल्या चार-पाच सुयांवर गोल विणणाऱ्यांनी सुया जिथे मिळतात त्या कोपऱ्यांकडे वेगळे लक्ष द्यावे. फ्लोट कोपरा कापून तिरका जातो आणि तिथे कापडावर उभी घडी पडते. रंगबदल शक्यतो कोपऱ्यावर येऊ देऊ नये. आलाच तर आधीच्या सुईवरचे शेवटचे चार-पाच टाके नव्या सुईवर घेऊन मगच विणावे.

आता मापाच्या तुकड्याबद्दल, म्हणजे कपड्याआधी टाके मोजण्यासाठी विणून पाहायच्या लहान तुकड्याबद्दल, कारण छापील नमुन्यांत सर्वांत मोठी फसगत तिथे होते. त्याच लोकरीने, त्याच सुईने, त्याच हाताने विणले तरी दुरंगी कापड एकरंगीपेक्षा बहुधा दाट येते. साध्या विणीत १० सेंमीत २४ टाके आणि नक्षीत २६ आले, तर २१६ टाक्यांचे अंग साध्या भागात ९० सेंमी आणि नक्षीच्या भागात ८३ सेंमी भरते. फ्लोट अगदी बरोबर असले तरी हा सात सेंमीचा फरक राहतो, आणि छातीवरच्या नक्षीच्या पट्ट्यापाशी स्वेटर कंबर आवळल्यासारखा दिसतो. अशा वेळी फ्लोट आणखी सैल करत बसू नये. नक्षीच्या भागासाठी पाव किंवा अर्ध्या मिमीने जाड सुई घ्यावी आणि साध्या भागाला आल्यावर परत बारीक. नक्षीच्या दोन पट्ट्यांमध्ये दोन-तीनच साध्या फेऱ्या असतील तर सुई बदलण्याची उठाठेव करू नये. पाचाहून जास्त असतील तर करावी. आइसलँडी पद्धतीच्या गोल खांद्याच्या स्वेटरात तर हे पाळावेच लागते, कारण तिथे साध्या अंगातून थेट नक्षीत शिरायचे असते.

मापाचा तुकडा ज्या पद्धतीने कपडा विणायचा त्याच पद्धतीने विणावा. स्वेटर गोल विणायचा आणि तुकडा मात्र उलटसुलट ओळींनी, यात काही अर्थ नाही. उलट ओळींचा ताण बहुतेकांचा वेगळाच असतो. पूर्ण गोल तुकडा नको असेल तर गोल सुईवर (मध्ये लवचीक तार असलेल्या दोन टोकांच्या सुईवर) ५० टाके घालावेत, एक ओळ सुलट विणून टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवावेत, दोन्ही धागे तुकड्याच्या मागून चांगले सैल, रुंदीच्या दुप्पट तरी सोडून, पुन्हा उजवीकडून सुलट सुरू करावे. दोन्ही कडांचा शेवटचा टाका दोन्ही रंग एकत्र धरून विणावा. निदान १२ सेंमी उंची झाली की टाके बंद करून मागचे लांब धागे मधोमध कापावेत, तुकडा भिजवून वाळवावा आणि मगच मधल्या १० सेंमीत टाके मोजावेत. कडेचे चार-पाच टाके मोजणीत धरू नयेत. न धुतलेल्या तुकड्याचे माप म्हणजे स्वतःची समजूत घालणे.

फ्लोट किती लांब चालतो, याचे उत्तर ‘पाच टाके’ असे ठोकून दिले जाते. ते टाक्यांत देणेच चूक आहे. १० सेंमीत ३२ टाक्यांच्या बारीक विणीत पाच टाके म्हणजे १६ मिमी. जाड लोकरीच्या १६ टाक्यांच्या विणीत तेच पाच टाके ३१ मिमी होतात. दोन ते अडीच सेंमी ही मर्यादा धरावी. हातमोजे, पायमोजे आणि लहान मुलांचे कपडे यांत बोटे अडकतात म्हणून त्याहून कमी. त्यापुढे फ्लोट मध्येच अडकवावा लागतो. दोन हातांनी विणताना डाव्या हातातला धागा अडकवायचा तर उजवी सुई टाक्यात घालताना डावा धागा तिच्या वरून राहू द्यावा आणि टाका उजव्या धाग्यानेच विणून काढावा; पुढचा टाका डावा धागा नेहमीप्रमाणे खाली ठेवून विणला की तो मध्ये पकडला जातो. रंगबदलाला लागून असलेल्या टाक्यावर अडकवू नये, एक टाका तरी मध्ये सोडावा. लागोपाठच्या फेऱ्यांत एकाच रांगेत अडकवत गेले तर पुढून उभी रेघ उमटते, गडद धागा फिक्या रंगातून डोकावतोही. दर फेरीत जागा दोन टाके तरी हलवावी. अडकवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा टाके पसरवावेत, कारण अडकवलेला फ्लोट नंतर सरकून तूट भरून काढू शकत नाही. सुरक्षित म्हणून प्रत्येक दुसरा टाका अडकवणारे असतात. त्यांचे कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते आणि पुढून खरबरीत दिसते. गरज नसेल तिथे अडकवू नये.

सपाट, पुढे-मागे विणायचे असेल तर दोन गोष्टी वाढतात. उलट ओळीचे टाके मोठे पडत असतील तर त्या ओळींसाठी पाव ते अर्ध्या मिमीने बारीक सुई वापरावी. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन्ही धागे कडेच्या टाक्यापर्यंत आणलेच पाहिजेत. न वापरलेला रंग तीन टाके आधीच सोडून परत फिरवला तर कड आत ओढली जाते. खरे सांगायचे तर या विणीला गोल विणणेच मानवते. शेटलंडमधल्या फेअर आइल बेटाचे स्वेटर पुढून उघडे असले तरी ते गोल विणून मग मधोमध कापले जातात, ते उगाच नाही. त्या परंपरेत एका फेरीत दोनच रंग ठेवतात. एकूण रंग आठ-दहा असले तरी ते फेरी बदलताना बदलतात. एकाच फेरीत तिसरा रंग आला की मागे दोन-दोन फ्लोट पडतात आणि वर-खालचा क्रमही सांभाळावा लागतो, म्हणून नवख्याने असे नमुने काही काळ बाजूला ठेवावेत.

लोकरीची निवड ताणाइतकीच बोलते. साध्या लोकरीच्या तंतूंना खवले असतात, ते एकमेकांना धरतात. किंचित चुकलेले टाके धुतल्यावर शेजाऱ्यांत मिसळतात. यंत्रात धुता येणाऱ्या लोकरीचे खवले काढलेले किंवा लेपाने झाकलेले असतात, ती घसरते. ॲक्रिलिक आणि सुती धागा तर झालेली प्रत्येक चूक जपून ठेवतो. असे धागे वापरायचे झाल्यास फ्लोटची मर्यादा दोन सेंमीच्या आत ठेवावी. दोन्ही रंग एकाच जाडीचे आणि एकाच जातीचे असावेत, हे सांगायची गरज नसावी, पण उरलेल्या गुंड्यांतून नक्षी विणताना नेमके हेच विसरले जाते.

धुलाईकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय नाही, हेही स्पष्ट हवे. कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि मापाप्रमाणे सपाट पसरून वाळवावे. ओल्या लोकरीत धागा टाक्याटाक्यांतून थोडा सरकतो, लहानमोठे टाके एकमेकांत वाटणी करून घेतात. परंतु फ्लोटमध्ये जो धागा मुळात पडलाच नाही तो पाण्यातून येणार नाही. चुण्या धुतल्यावर जातील या आशेवर वीस सेंमी पुढे विणत जाणे म्हणजे उसवायचे काम वाढवणे. त्यापेक्षा दर चार-पाच सेंमीला काम सपाट ठेवून दोन्ही हातांनी आडवे हलके ओढून पाहावे. टाके उघडायच्या आधीच मागून आडव्या तारा लागल्यासारखे कापड अडले तर फ्लोट आखूड आहेत. कापड मोकळे उघडले आणि सोडल्यावर मागे कमानी उभ्या राहिल्या नाहीत, तर बरोबर.

एखाद-दुसरा फ्लोट आखूड असेल तर बोथट सुईने त्याच रंगाच्या शेजारच्या चार-सहा टाक्यांतून थोडा थोडा धागा सरकवून तो मोकळा करता येतो. ढिला टाकाही असाच, त्याचा जादा धागा दोन्हीकडे वाटून. सलग तीन-चार फेऱ्या आखूड असतील तर मात्र डागडुजी करू नये, उसवावे.

यापुढे दुरंगी नमुना छापताना आलेखाखाली तीन ओळी वाढवाव्यात अशी विनंती आहे. साध्या विणीचे आणि नक्षीचे माप वेगवेगळे, धुतल्यानंतरचे. कोणता रंग खालून न्यायचा ते. आणि नमुन्यातला सर्वांत लांब फ्लोट किती टाक्यांचा व किती सेंमीचा; तो अडीच सेंमीच्या पुढे जात असेल तर कुठे अडकवायचा त्या चौकटीत बारीक खूण. जागा कमी पडत असेल तर रंगीत छायाचित्र थोडे लहान करावे, आणि जमल्यास कापडाच्या उलट बाजूचेही एक छापावे.

कळावे,
आपला एक वाचक